पळून गेली की पळवून नेली?

मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत एक वाक्य वर्षानुवर्षं तसंच छापून येतं: मुलीला 'फूस लावून पळवून नेले'. त्या वाक्यात मुलगी कर्म असते, कर्ता कधीच नसते. पळणाऱ्या प्रेमिकांच्या सिनेमाकडे अभ्यासू नजरेने वळणाऱ्या नांदेड-लातूरच्या वाचकाचं स्वागत मी या वाक्यानेच करतो. ते तुमच्या रोजच्या ऐकण्यातलं आहे, आणि या साऱ्या चित्रपटांचं भांडण त्याच्याशीच आहे.

हा चित्रप्रकार घडला अमेरिकेत. फ्रिट्झ लँगचा 'यू ओन्ली लिव्ह वन्स' (1937), जोसेफ लुईसचा 'गन क्रेझी' (1950), आर्थर पेनचा 'बॉनी अँड क्लाइड' (1967), टेरेन्स मॅलिकचा 'बॅडलँड्स' (1973) हे सगळे जरूर बघा. बहुतेकांत बंदूक प्रेमिकांच्या हाती असते आणि पाठलाग पोलीस करतात. गाडी, मोकळा रस्ता, लुटलेला पैसा; पळण्यात एक धुंदी असते.

आपल्याकडे ही मांडणी उलटी होते. 29 एप्रिल 2016 रोजी आलेल्या नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'मध्ये आर्ची आणि परश्याने कोणाला लुटलेलं नाही, मारलेलं नाही. त्यांचं प्रेम हाच गुन्हा, आणि पाठलाग करतं ते घर. करमाळ्याच्या परिसरात वाढलेली ही बागायतदाराची मुलगी बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. पिस्तूल तिच्या हाती येतं ते मार खाणाऱ्यांना सोडवण्यासाठी. पण मला तिचं सर्वांत मोठं धाडस पोलीस ठाण्यात दिसतं. परश्यावर गुन्हा नोंदवला जातो, तेव्हा आपण स्वतःहून आलो, असं ती ठणकावून सांगते. कागदावरच्या वाक्याचा कर्ता ती बदलू बघते.

दोघं हैदराबादला जातात. नांदेडकराला हे शहर परकं नाही. 1956 पर्यंत आपली राजधानी तीच होती, आणि देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आजही कानावर पडते. आर्ची-परश्याला मात्र ती भाषा अनोळखी, आणि म्हणूनच लपायला सोयीची. मंजुळे इथे वेग काढून घेतात. झोपडपट्टीतली खोली, डोशाची गाडी, कारखान्यातली नोकरी, संशय, भांडण, समेट. पळणं संपून संसार सुरू होतो, आणि प्रेक्षक निर्धास्त होतो. मग आर्चीचा भाऊ माहेरची भेट घेऊन येतो. ती चहा ठेवते. हत्या दिसत नाही. दिसतात ते मृतदेह आणि रडत निघालेल्या लेकराची रक्ताळलेली पावलं, तीही आवाजाविना. 'बॉनी अँड क्लाइड'च्या शेवटी गोळ्यांचा वर्षाव होतो. इथे मारेकऱ्यांना दार घरच्याच माणसाने, मायेने उघडलेलं असतं.

लातूरच्या शिकवण्यांसाठी गावोगावची मुलं-मुली येऊन खोल्या करून राहतात, त्यांच्या वयाची ही गोष्ट आहे. म्हणून कायद्याचा कागदही सिनेमासोबत वाचा. 1954च्या विशेष विवाह कायद्याने लग्नाआधी तीस दिवसांची नोटीस लागते आणि ती कार्यालयात लावली जाते. पळालेल्या जोडप्यासाठी हा महिना फार लांबीचा असतो. 2018मध्ये 'शक्ती वाहिनी' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा आणि जिल्ह्या-जिल्ह्यात विशेष कक्ष उभारायला सांगितलं. आपल्या जिल्ह्यात त्याचं काय झालं, हा प्रश्न चित्रपटाच्या अभ्यासकानेही विचारावा.

आणि एक पुस्तक, जे कदाचित तुमच्या घरात असेल. पैठणच्या एकनाथांचं 'रुक्मिणीस्वयंवर'. लग्न जमावं म्हणून मुलींनी त्याची पारायणं करण्याची प्रथा आहे. त्यातली रुक्मिणी स्वतः पत्र धाडून कृष्णाला बोलावते, आणि तिचा भाऊ रुक्मी पाठलाग करतो. तरीही आपण त्याला म्हणतो 'रुक्मिणीहरण'. पुन्हा ती कर्म. हरल्यावर रुक्मीचा जीव वाचतो तो बहिणीने रदबदली केल्यामुळे. हा प्रसंग वाचून मग 'सैराट'मधला भाऊ दारात येतो ते दृश्य पुन्हा बघा, आणि आर्ची चहा ठेवत असताना तिच्या चेहऱ्याकडे लक्ष द्या.