पावकीपासून समच्छेदापर्यंत

चौदा आणि त्रेसष्ट यांत मोठी संख्या कोणती, असें विचारतांच मूल चटकन् उत्तर देतें. चौदावा हिस्सा मोठा कीं त्रेसष्टावा, असें विचारलें कीं तेंच मूल घोटाळतें. ज्याच्या खालीं मोठा आंकडा तो हिस्सा मोठा, अशी त्याची समजूत होते. व त्यांत त्याचा मोठासा दोष नाहीं. तोंपर्यंत मोठा आंकडा म्हणजे मोठी रास, एवढेंच त्यास शिकविलेलें असतें.

हे दोन हिस्से आजच्या एखाद्या परीक्षकानें शोधून काढलेले नव्हेत. इ. स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनीं ‘लीलावतीं’त चौदाव्या हिश्श्यांतून त्रेसष्टावा वजा करावयास सांगितला आहे. वजा करावयाचें म्हणजे आधीं लहानमोठा ओळखणें आलेंच. त्या काळीं अंश वर व छेद खालीं लिहीत, मध्यें रेघ नसे. आचार्यांचा उपाय समच्छेदाचा: एकाच्या छेदानें दुसऱ्याचे अंश व छेद दोन्ही गुणावे, म्हणजे छेद सारखे होतात व अंश पाहून निवाडा करतां येतो. या रीतीनें छेद ८८२ येतो; एक अपूर्णांक ६३ अंशांचा, दुसरा १४ अंशांचा. परंतु आचार्य येथेंच थांबत नाहींत. बुद्धिमान् मनुष्यानें दोन्ही छेदांस आधीं सामान्य विभाजकानें भागून घ्यावें, असें ते सुचवितात. चौदा व त्रेसष्ट यांस सातानें भागिलें कीं दोन व नऊ उरतात, आणि छेद १२६ वरच भागतें. अंश नऊ आणि दोन. वजाबाकी सात, म्हणजे अठरावा हिस्सा. आजच्या शाळेंतील लघुतम साधारण विभाज्य तो हाच.

खानदेशांत चाळीसगांवाजवळील पाटण येथें भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापन केला. त्याचा शिलालेख इ. स. १२०७ चा आहे. पण मठांतली विद्या मठांत राहिली. पंतोजींच्या पाटीपुढें बसणाऱ्या वाण्या-उदम्याच्या मुलाला समच्छेद बहुधा कधीं भेटलाच नाहीं, आणि तरीही त्याचें अडत नसे.

याचें कारण असें कीं, बाजारानें छेद आधींच सारखे करून ठेविले होते. ‘लीलावतीं’च्या नाण्यांच्या कोष्टकांतही सोळा पणांचा एक द्रम्म व सोळा द्रम्मांचा एक निष्क आहे. पुढें रुपयाचे आणेही सोळाच. धान्याच्या मापांत शेराचें निम्में मापटें, मापट्याचें निम्में चिपटें, त्याचें निम्में कोळवें व त्याचें निम्में निळवें. हीं मापें ओळीनें मांडलीं कीं अर्धा, पाव, अर्धपाव यांचा लहानमोठेपणा डोळ्यांनीं दिसे. नियम पाठ करण्याचें कारणच उरत नसे. लिहिण्यांतही तीच सोय. पावास एक उभी रेघ, अर्ध्यास दोन, पाउणास तीन आणि आण्यास आडवी रेघ. अकरा आणे म्हणजे दोन उभ्या व तीन आडव्या रेघा. ज्यास रेघा मोजतां येत, त्यास अपूर्णांकांची तुलना येत असे. त्यावर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाढे सायंकाळीं मोठ्यानें घोकून होत. घोकंपट्टीची आज कितीही निंदा होवो, या पाढ्यांनीं अपूर्णांकास नांव दिलें होतें, आणि नांव असलेल्या वस्तूचें भय मुलास कमी वाटतें.

या पद्धतीची मर्यादाही उघड आहे. रुपयाच्या १९२ पै. तृतीयांश काढला तर पांच आणे चार पै बरोबर येतात, पण पंचमांश घेतला कीं ३८ पै होऊन वर पैचे दोन पंचमांश उरतात. तीन सप्तमांश मोठा कीं पांच द्वादशांश? दुकानदार पहिल्याचे सहा आणे दहा पै व वर कांहीं, आणि दुसऱ्याचे सहा आणे आठ पै, असें मांडून निकाल देई. निकाल खरा, पण ‘वर कांहीं’ किती, हें तो सांगत नसे. समच्छेद सांगतो: छेद ८४, अंश ३६ आणि ३५, अंतर अवघ्या चौऱ्यायशीव्या हिश्श्याचें.

१ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पंचमांश आतां वीस पैशांवर नीट बसला, परंतु तृतीयांशाची गांठ सुटेनाशी झाली, आणि आण्याचे झाले सव्वासहा पैसे. सव्वा पैशाचें नाणें कोठून आणावयाचें? म्हणून कोष्टकांत एक आणा म्हणजे सहा, दोन आणे म्हणजे बारा, तीन आणे म्हणजे एकोणीस आणि चार आणे म्हणजे पंचवीस पैसे धरले. एकेक आणा चार वेळां दिला तर चोवीस पैसे, एकदम पावली दिली तर पंचवीस. आणे जुने होते, हिशेब नवा होता, आणि मधला पैसा कोणाच्या पदरीं पडला, हा खरोखर अपूर्णांकांच्या तुलनेचाच प्रश्न होता.

आण्यांबरोबर त्यांच्या आडव्या रेघा गेल्या, हळूहळू पाढेही गेले. ‘पाव किलो’, ‘दीडशें’, ‘अडीच हजार’ हे शब्द बाजारांत टिकून आहेत. औट मात्र बहुतेक ‘औटघटकेचें राज्य’ एवढ्याच वाक्प्रचारांत उरला आहे, आणि तें राज्य साडेतीन घटकांचें, हें शाळेंतल्या मुलास आतां समजावून सांगावें लागतें.