शिसं गेलं, बारा राहिले

ऑस्टिनला भाच्याकडे गेलो होतो. गाडीमागे जोडून न्यायचा ट्रेलर आहे त्याच्याकडे. आत ओटा, पलंग, फ्रिज, सगळा संसार. पुढच्या तिकोनी लोखंडी सांगाड्यावर ६ व्होल्टच्या दोन शिशाच्या बॅटऱ्या होत्या. एक उतरवायला हात लावला आणि कंबर धरून बसलो. एकेकीचं वजन २८ किलोंच्या आसपास. त्यांच्या जागी बसवायची लिथियमची एकच पेटी भाच्याने भाजीची पिशवी उचलावी तशी उचलली. ११ किलो. जुन्या जोडीत २२० अँपिअर-तास होते, पण शिसं टिकवायचं तर त्यातले निम्मेच वापरायचे. नवीत १००, आणि ते जवळजवळ सगळे वापरता येतात. म्हणजे फरक पडला तो मुख्यतः कंबरेला.

माझं लक्ष मात्र पेटीवरच्या आकड्याकडे गेलं : १२.८ व्होल्ट. बारा समजू शकतो. हे वरचे आठ दशांश कुठून आले?

शिशाच्या बॅटरीतल्या एका घराचा, म्हणजे सेलचा, दाब २.१ व्होल्ट. सहा घरांचे १२.६. गाडीची बॅटरी आपण १२ व्होल्टची म्हणतो ती ही. मोबाइलमधल्या लिथियम सेलचा दाब साधारण ३.७. असे तीन जोडले तर ११.१, चार जोडले तर १४.८. एक फार कमी, एक फार जास्त. ट्रेलरमधला पंप, पंखा, दिवे कुणाशीच त्यांचं नीट जमत नाही. पण लिथियम, लोह आणि फॉस्फेटच्या सेलचा दाब ३.२ आणि चारांचे बरोबर १२.८. सहा घरांच्या वाड्यात चार खोल्यांचं बिऱ्हाड आलं, आणि एकही दार बदलावं लागलं नाही! या रसायनाची बाकीची कीर्ती, म्हणजे सहज पेट न घेणं, हजारो वेळा भरून-रिकामं होणं, सगळी खरी. पण ट्रेलरवाल्यांनी त्याला घरात घेतलं ते पत्रिका जुळली म्हणून, असं माझं ठाम मत आहे. आणि हे रसायन बॅटरीसाठी पुढे आलं ते १९९७ च्या एका शोधनिबंधातून. लेखक पाधी, नंजुंदस्वामी आणि गुडइनफ. ठिकाण टेक्सास विद्यापीठ, ऑस्टिन. म्हणजे पेटी माहेरीच आली होती.

तिचं कूळ शोधताना आणखी एक गंमत हाती लागते. जवळपास हेच रसायन खनिजरूपात बव्हेरियात सापडलं आणि १८३४ मध्ये खनिजशास्त्रज्ञ फुक्स यांनी त्याला ट्रायफिलाइट नाव दिलं. ग्रीकमध्ये अर्थ ‘तीन कुळांचा’: लिथियम, लोह आणि मँगनीज. बॅटरीवाल्यांनी पुढे मँगनीजला वगळलं.

आता बारा. अमेरिकन गाड्या १९५० च्या दशकापर्यंत ६ व्होल्टवर, म्हणजे शिशाच्या तीन घरांवर चालत. इंजिनं मोठी झाली, ती सुरू करायला जोर पुरेना, तेव्हा घरं दुप्पट केली. बारा म्हणजे डझनाची सवय, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका; तीन घरांचे सहा व्होल्ट, सहांचे बारा, यापलीकडे त्यात काही नाही. वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने १९५७ मध्ये बाहेरून वीज-पाणी न घेता राहता येईल असा ‘इंटरनॅशनल’ ट्रेलर काढला, तोवर ओढणाऱ्या गाड्याही बारावर येऊन ठेपल्या होत्या. गाडीचं वाण ट्रेलरला लागलं.

इथे थांबलो असतो. पण ‘बॅटरी’ या शब्दाच्या मागे लागलो आणि तिथेही शिसंच निघालं. विजेच्या संदर्भात हा शब्द पहिल्यांदा वापरला बेंजामिन फ्रँकलिन यांनी, १७४९ च्या एका पत्रात. त्यांची ‘बॅटरी’ म्हणजे खिडकीच्या ११ काचा, आणि प्रत्येक काचेच्या दोन्ही अंगांना चिकटवलेले शिशाचे पातळ पत्रे. आजच्या भाषेत तो कपॅसिटर. पत्र्यांचं काम फक्त वीज वाहायचं. फ्रेंच शास्त्रज्ञ प्लाँते यांनी शिसं आम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी केली ती ११० वर्षांनी, १८५९ मध्ये. तरी बारशाला शिसं हजर होतं, हे कसं विसरायचं?

फ्रँकलिननी शब्द आणला कुठून? मूळ फ्रेंच धातू ‘मारणे, ठोकणे’ या अर्थाचा. त्यातून दोन वाटा फुटल्या : एक तोफांच्या रांगेची, दुसरी स्वयंपाकघरातल्या ठोकीव भांड्यांच्या संचाची. भांड्यांच्या बाजूने बोलणारा म्हणेल, सारख्या वस्तूंचा संच एवढाच अर्थ पुरे, तोफा कशाला? माझा कौल तोफांना. आदल्याच वर्षी फिलाडेल्फियात डेलावेअर नदीकाठी तोफांचा मोर्चा उभा राहिला होता, त्याचं नाव ‘असोसिएशन बॅटरी’, आणि त्यामागच्या स्वयंसेवक दलाच्या उभारणीत पुढे होते स्वतः फ्रँकलिन. ज्याच्या तोंडी वर्षभर तोफा होत्या, तो काचांच्या रांगेला पातेल्यांचं नाव कशाला देईल? देवळालीच्या तोफखाना प्रशालेत आजही बॅटरी म्हणजे तोफाच.

आपल्या पाठ्यपुस्तकांनी मात्र भांड्यांचा पक्ष घेतला. सेलला घट, बॅटरीला घटमाला. बोली त्याहून हुशार : आपण टॉर्चलाच बॅटरी म्हणतो आणि अंधारात ओरडतो, “अरे, इकडे बॅटरी मार!” योगायोग असेल, पण ठोकण्याच्या धातूतून निघालेला शब्द मराठीत येऊन पुन्हा ‘मारण्या’ला चिकटला, हे मला भाषाशास्त्रापेक्षा जास्त पटतं.

पुन्हा ट्रेलरकडे. पंप, पंखा, दिवे यांच्याशी जमलं, तरी शिशाची सवय शेवटपर्यंत नडली. जुना चार्जर १३.६ व्होल्टला थांबायचा, लिथियमला १४.४ च्या आसपास लागतात. तो बदलावा लागला. भिंतीवरच्या पट्टीतले चार दिवे शिशाच्या मापाने बनलेले. लिथियमचा दाब शेवटपर्यंत फारसा उतरत नाही, त्यामुळे चारही दिवे ‘भरलेली’ म्हणत राहिले आणि दुसऱ्या रात्री एकाएकी बॅटरीचे बारा वाजले. आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारा शंट लावला तेव्हा खरा आकडा कळला. तुम्ही बदलणार असाल तर शंट आधी घ्या, आणि पारा शून्याखाली असताना चार्ज करू नका.

त्या दोन जुन्या बॅटऱ्या दुकानदाराने अनामत परत देऊन ठेवून घेतल्या. त्यांचं शिसं वितळून बहुधा पुन्हा बॅटरीतच जाणार.