आयर्विनची पट्टी आणि आकाशातला डोळा

मंडळी, आपण कृष्णाकाठची माणसं. पूर मोजायचा म्हणजे सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आलं ते विचारायचं. पूल १९२९ चा. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे पाणी ५७ फुटांवर गेलं. पण पट्टी एका जागचं सांगते. पाणी किती शिवारांत पसरलं, हे तिला कसं कळावं?

वरून पाहायची खटपट जुनी आहे. १९७९ च्या भास्करच्या कॅमेऱ्याला साधारण किलोमीटरभराचा ठिपका दिसायचा. १७ मार्च १९८८ ला आयआरएस-१ए ९०४ किलोमीटर उंचीवर गेला आणि ३६ मीटरपर्यंतचं दिसू लागलं. पिकं, जंगलं, धरणाचा फुगवटा मोजता आला. पण गंमत बघा, पूर येतो पावसाळ्यात, आणि तेव्हा महाबळेश्वर-पाटणवर ढग. कॅमेऱ्याला ढगांची पाठच दिसणार! शिवाय तीच जागा पुन्हा पाहायला २२ दिवस.

ढगांतून आरपार जातं ते रडार. उपग्रह स्वतःच लहरी सोडतो आणि प्रतिध्वनी टिपतो. संथ पाण्यावरून लहर पलीकडे निघून जाते, म्हणून चित्रात पाणी काळं. अंतर दुप्पट झालं की प्रतिध्वनी सोळा पट क्षीण होतो. इन्सॅटसारखं ३६,००० किलोमीटरवर बसून हे काम होत नाही, खालूनच फिरावं लागतं. आपला रिसॅट-१ गेला २०१२ मध्ये. युरोपचे सेंटिनेल-१ उपग्रह ६९३ किलोमीटरवरून फिरतात. सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा पूर त्यांच्या प्रतिमांत आहे.

आता मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून विचारतो: दिसलं म्हणजे कळलं का? साताऱ्यापासून सांगलीपर्यंतचं अंतर हा उपग्रह वीस सेकंदांच्या आत कापतो. पुन्हा त्याच वाटेनं यायला कित्येक दिवस. नदी तोवर थांबते होय? उभ्या उसात शिरलेलं पाणी पानांआड राहतं, गल्लीतलं पाणी भिंतींमुळे चकवतं, आणि खोली तर दिसतच नाही. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी नाव उलटली, जीव गेले. कोयनेतून किती पाणी सोडलं, कराडच्या संगमावर किती चढलं, नाव कुठे आहे, हे त्या घडीला जमिनीवरच्याच माणसाला विचारायचं होतं. नकाशाचा खरा उपयोग पुढच्या पुराआधी: कोणता रस्ता आधी बुडतो, नाव कुठे ठेवायची, पूररेषा कुठून आखायची.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर चढलं. त्या रात्री फोन आला की मी पहिलं विचारत होतो ते हेच, आयर्विनला किती?