चार आण्यांच्या बाकाचा हिशेब

सिनेमा फार महाग झाला, ही तक्रार पनवेलच्या बाजारपेठेपासून तळोजाच्या कारखान्यांपर्यंत ऐकू येते. तक्रारीत तथ्य किती, हे पाहावयाचे तर तिला हिशेबाच्या तराजूत घातले पाहिजे. रुपयांचा आकडा फुगला एवढ्याने वस्तू महागली असे ठरत नाही. ज्यांनी पगारवाढीची बोलणी केली आहेत त्यांना हे सांगावयास नको.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली. प्रवेश एक रुपया. पुढे त्याच महिन्यात नॉव्हेल्टी नाटकगृहात दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत झाले. सर्वांत खालच्या व वरच्या जागेत आठपटीचे अंतर! 'राजा हरिश्चंद्र' घेऊन दादासाहेब फाळके सुरतेस गेले, तेव्हा दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत, अशी जाहिरात त्यांना करावी लागली. १९३१ साली मॅजेस्टिकवर 'आलम आरा'चे चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेले. काळा बाजार सोडा. पण पदरी चवली-पावली असलेल्या माणसासाठी एक बाक राखून ठेवलेला असे, हे ध्यानात घ्यावे.

आता तराजू. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचे पायावर्ष १९६० होते. मग ते १९८२, २००१ व २०१६ असे बदलले. त्यांना जोडणारे गुणक ४.९३, ४.६३ आणि २.८८. महागाई भत्त्याच्या भांडणांत हे आकडे आम्हांला पाढ्यांसारखे पाठ झाले आहेत. त्यांच्या आधारे १९६० चा एक रुपया म्हणजे २०२४ चे सुमारे ९३ रुपये.

१९६० सालीच मराठा मंदिरात 'मुघल-ए-आझम' लागला. एरवी तेथील तिकीट दीड रुपयाच्या घरात असे. (त्या चित्रासाठी शंभर रुपये घेतले गेले, ती गोष्ट निराळी.) दीड रुपयाचे २०२४ मध्ये सुमारे १४० रुपये होतात. पीव्हीआर आयनॉक्स या देशातल्या सर्वांत मोठ्या साखळीचे २०२३-२४ मधील सरासरी तिकीट २५९ रुपयांचे होते. म्हणजे तक्रार खरी.

पण थांबा. त्याच मराठा मंदिरात २०१४ साली 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' हजाराव्या आठवड्यात पोचला, तेव्हा तिकिटे पंधरा, सतरा व वीस रुपयांची होती. चित्र जुने आणि खेळ सकाळचा, हे खरे. तरी महागाईच्या मापाने तेथे ऐंशीच्या वर रुपये व्हावयास हवे होते. आणि दुसरे असे की, पीव्हीआरचे सरासरी तिकीट २०१३-१४ मध्ये १६८ रुपये होते. दहा वर्षांत ते ५४ टक्क्यांनी वाढले. त्याच काळात सर्वसाधारण किमती साठ-पासष्ट टक्क्यांनी वाढल्या. तेव्हा अलीकडे तिकीट महागाईच्या मागेच राहिले आहे!

मग खिसा कोठे कापला जातो? मध्यंतरात. माणशी खाण्यापिण्याचा खर्च त्याच दहा वर्षांत ५४ रुपयांवरून १३२ रुपयांवर गेला, म्हणजे जवळजवळ अडीचपट. बाहेरचा डबा आत नेऊ देणे मालकावर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले. पिण्याचे पाणी मात्र फुकट द्यावयाचे. चार माणसांचे कुटुंब सरासरीने गेले तर तिकिटांचे १०३६ आणि लाह्या-सरबताचे ५२८ रुपये होतात.

आमच्या मते खरी महागाई सरासरीत दिसतच नाही. एकपडदा थिएटरे बंद पडत गेली आणि त्यांच्याबरोबर स्टॉलचा पुढचा बाक गेला. मल्टिप्लेक्सना महाराष्ट्रात सुरुवातीची वर्षे करमणूक कराची माफी मिळाली. बाकवाल्या थिएटरांना ती नव्हती. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर कर पाच टक्के व त्यावरच्यावर अठरा टक्के आहे. सवलत चांगली, पण शनिवार-रविवारी, कामगाराला सवड असते तेव्हा, शंभराच्या आतले तिकीट शोधून पाहावे.

निर्देशांक भाव मोजतो, नाहीशी झालेली जागा मोजत नाही. त्या जागेला गिऱ्हाईक उरले नाही, असे कोणी म्हणेल. २३ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय सिनेमा दिन म्हणून देशभरच्या मल्टिप्लेक्सनी एक दिवस ७५ रुपयांत तिकीट दिले. १९६० च्या भावात ते नव्वद पैशांच्याही आत येते. त्या एका दिवसात सुमारे पासष्ट लाख माणसे सिनेमाला गेली.