हमयानी ते मोबाइल : हजच्या वाटेवरची अमानत

रहिमतपूरच्या आमच्या घरात माळ्यावर पत्र्याची एक जुनी ट्रंक आहे. तिच्यात दादाजानची हमयानी अजून जपून ठेवली आहे. हमयानी म्हणजे कमरेला बांधायचा पैशांचा कसा. जाड कापडाचा, दुहेरी शिवणीचा, आत तीन कप्पे. १९६१ साली दादाजान हजला निघाले तेव्हा दादीने तो हाताने शिवला होता. गावातल्या एका बुजुर्ग हाजींनी तेव्हा त्यांना जे बजावले, ते आमच्या घरात म्हणीसारखे राहून गेले : "पैसा कमरकू, कागद छातीकू, जबान दांतां के पीछू." पैसे कमरेला, कागद छातीशी आणि जीभ दातांच्या मागे.

गेल्या वर्षी अम्मी उमराहला गेली. टूरवाल्यांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला आणि सांगितले, "सगळ्यांनी पासपोर्ट, आधार आणि पॅनचे फोटो इथेच टाका." सगळ्यांनी टाकले. बेचाळीस माणसांचे कागद बेचाळीस फोनांत जाऊन बसले. मदिन्यात त्यांतल्या एकाचा फोन चोरीला गेला. त्याला साधे लॉकही नव्हते. परतल्यावर दोन आठवड्यांनी ग्रुपमधल्या एका खालाजानना फोन आला. समोरच्याने त्यांचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, पासपोर्टचा नंबर बिनचूक सांगितला आणि व्हिसाचा दंड भरायचा आहे म्हणून ओटीपी मागितला. त्यांनी तो दिला. खात्यातून अडतीस हजार रुपये गेले. चोरीच्या फोनचा आणि या कॉलचा संबंध कोणी सिद्ध केलेला नाही. पण एवढी माहिती त्या माणसाकडे आली कुठून, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

त्या निमित्ताने मी हजच्या प्रवासाचा इतिहास पुन्हा या नजरेने वाचला. आपल्या वाडवडिलांनी परक्या मुलखात जाताना मौल्यवान गोष्टी सांभाळल्या कशा?

हा प्रवास कधीच निर्धोक नव्हता. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी अरबी समुद्रावर आपले परवाने लादले. त्यांना कार्ताझ म्हणत. तो नसेल तर जहाज पकडले जाई. बादशहा अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ साली हजला निघाली, तर शाही घराण्यातली असूनही तिला परवान्यासाठी सुरतेत बराच काळ थांबावे लागले. कागदावाचून समुद्र ओलांडता येत नाही, हा धडा तेव्हापासूनचा आहे. पुढे १६९५ मध्ये औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज हाजींना घेऊन सुरतेकडे परतत असताना हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. सोने-चांदी तर गेलीच, प्रवाशांवर भयंकर अत्याचार झाले.

आपल्या भागाची गोष्ट त्याहून जवळची. रहिमतपुरात आदिलशाही काळातली मशीद आणि रणदुल्लाखानाची म्हणून ओळखली जाणारी कबर आहे. त्या आदिलशाहीचे कोकणातले मोठे बंदर म्हणजे दाभोळ. दाभोळच्या समुद्रकाठी आजही एक देखणी मशीद उभी आहे. तिची कथा अशी सांगतात की, विजापूरची शहजादी आयेशाबीबी १६५९ च्या सुमारास मक्केला जायला दाभोळला आली. सोबत लवाजमा आणि लाखोंचा खजिना. पण समुद्रावर चाच्यांची भीती, म्हणून जाणे झाले नाही. मग तोच पैसा तिने ही मशीद बांधण्यात खर्च केला. कथेत खरे किती, पदरचे किती, ते बाजूला ठेवू. जेवढे जास्त बरोबर, तेवढी वाट अवघड, हे त्या काळचे लोक ओळखून होते, एवढे तिच्यातून नक्की दिसते.

सामान्य हाजीजवळ लवाजमा नव्हता. त्याचा आधार म्हणजे हमयानी. इहरामात पुरुषाला शिवलेले कपडे चालत नाहीत. तरीही फुकहांनी कमरेला पैशांचा पट्टा बांधायची मुभा दिली. इबादतीच्या सर्वांत कडक नियमांतही आपल्या मालाची काळजी घ्यायला जागा ठेवली गेली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. सावध राहणे म्हणजे तवक्कुल कमी असणे नव्हे.

भोपाळच्या सिकंदर बेगम १८६३-६४ मध्ये हजला गेल्या आणि त्यांनी त्या सफरीचे वर्णन लिहून ठेवले. जिद्दाच्या जकातवाल्यांनी सामानाची केलेली उलथापालथ त्यांना फार झोंबली होती. मदिन्याची वाट धोक्याची म्हणून त्या तिकडे गेल्याच नाहीत. राज्य करणारी बाई, तरी परक्या बंदरात तिची पेटी तिची राहिली नाही. पुढे १८८६ मध्ये इंग्रज सरकारने हाजींच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे दिली. तिकिटांतली लूट आणि जहाजांवरचे हाल यांच्या तक्रारी एवढ्या वाढल्या होत्या. काही वर्षांत ती व्यवस्थाही मोडली.

मला सर्वांत शिकवून गेले ते विसाव्या शतकातले दोन कागद. १९५३ पर्यंत सौदीत चांदीच्या रियालांचा जमाना होता. नाणी जड, सांभाळायला अवघड. त्या वर्षी तिथल्या मॉनेटरी एजन्सीने हाजींसाठी दहा रियालांच्या पावत्या काढल्या. त्यांवर अरबीबरोबर उर्दूतही मजकूर होता. हाजीच्या कमरेचे वजन उतरले.

दुसरा कागद आपल्या रिझर्व्ह बँकेचा. भारतीय रुपया तेव्हा आखाती मुलखात सर्रास चालत असे. त्याच नोटांनी तिकडे सोने घेऊन ते चोरून भारतात आणले जाई आणि नोटा परत आल्या की भारताला परकीय चलन मोजावे लागे. म्हणून १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा निघाल्या आणि हाजींसाठी १० व १०० रुपयांच्या खास हज नोटा. त्यांचा रंग वेगळा, नंबराआधी ‘एचए’ ही अक्षरे. या नोटा भारतातल्या बाजारात चालत नसत. रहिमतपूरहून मीटरगेज गाडीने पुण्याला, तिथून मुंबईला आणि मग मोगल लाइनच्या जहाजाने जिद्दाला गेलेले दादाजान सांगत, "वो नोट का इधर किराणा बी नै मिलता था."

ती नोट सरकारने तस्करी रोखायला काढली होती, हाजीचा खिसा सांभाळायला नाही. पण तिच्यामागची युक्ती आपल्या कामाची आहे. वस्तू लपवणे हा एक उपाय. ती चुकीच्या हाती पडली तरी तिथे तिची किंमत शून्य व्हावी, हा दुसरा आणि जास्त पक्का. जुन्या व्यापाऱ्यांची हुंडी याच तत्त्वावर चाले. नावाची हुंडी वाटेत लुटणाऱ्याला उपयोगी नसे.

आता आजच्या हाजीकडे पाहू. जहाजाने जाणे १९९५ मध्ये बंद झाले. हाजींसाठीचा वेगळा पिलग्रिम पास जाऊन २००९ पासून सर्वांना साधा पासपोर्ट लागू लागला. २०२४ मध्ये आपल्या सरकारचे हज सुविधा ॲप आले. तिकडे सौदीचे नुसुक ॲप. रियाजुल जन्नतमध्ये नमाज पढायची तर त्यावर वेळ घ्यावी लागते. म्हणजे पैसा, कागद आणि परवाना, तिन्ही आता एकाच फोनात. कमर आणि छाती एक झाली! आणि तो फोन आपण लॉक न लावता, खिशातून डोकावत ठेवून गर्दीत तवाफला जातो.

हज नोटेची युक्ती फोनला लावायची, तर घर सोडण्यापूर्वी एवढे करावे.

लॉक सहा आकडी ठेवा. जन्मसाल किंवा ७८६ नको. पडदा बंद असताना मेसेजचा मजकूर दिसू देऊ नका, नाहीतर लॉक असूनही ओटीपी वाचता येतो. सिमलाही पिन लावा. चोर सिम काढून दुसऱ्या फोनात घालतो आणि तिथे ओटीपी मागवतो. मात्र तो पिन वहीत लिहून घरी ठेवा. तीनदा चुकला की सिम अडकते. व्हॉट्सॲपला दुहेरी पडताळणीचा पिन द्या.

बरोबर जेवढे लागेल तेवढेच न्या. प्रवासाच्या खात्यात खर्चापुरते पैसे ठेवा, मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात असू द्या. आधार द्यायचेच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेले द्या. पासपोर्टची झेरॉक्स एका सोबत्याकडे, एक घरी. फुकटच्या वायफायवर बँकेचे काम करू नका. चार्जर आणि तिकडचा प्लग आपला न्या.

आणि मागे राहणाऱ्यांनाही शिकवून जा. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबले की फोनचा आयएमईआय नंबर दिसतो. तो घरच्यांकडे असू द्या. फोन गेला तर घरून सिम बंद करता येते, आधी पोलिसांत तक्रार देऊन संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करता येतो, पैसे गेले तर १९३० वर लगेच कळवता येते. इथे पहिल्या तासाला मोल असते.

राहिली जीभ. बुजुर्गांनी ती दातांमागे ठेवायला सांगितली, कारण मुसाफिरखान्यात कोणी गोड बोलून विचारे, "हाजीसाहेब, कितना लेके निकले?" आजचा ओटीपी विचारणारा त्याच घराण्यातला आहे.

शेवटची गोष्ट, माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी. हमयानीत दादाजानचे स्वतःचे पैसे होते. फार तर शेजाऱ्याने झमझमच्या डब्यासाठी दिलेले चार रुपये. आपल्या फोनात मात्र दुसऱ्यांचे कितीतरी आहे. भावाचा पॅन, सुनेचे फोटो, शाळेतल्या मुलांचे नंबर, ग्रुपमधल्या एकेचाळीस जणांचे पासपोर्ट. ही अमानत आहे. हजरत मुहम्मद (स.) यांना मक्केतले विरोधकही अमीन म्हणत आणि आपल्या वस्तू त्यांच्याकडे ठेवत. हिजरतीच्या रात्री जिवावर बेतले होते, तरी त्या सगळ्या अमानती ज्याच्या त्याला परत करायला त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. प्रवासाला निघण्याआधी लोकांचे लोकांना देऊन मोकळे होणे, ही त्यांची सुन्नत आहे. आपण निघताना गावभर फिरून "कहा-सुना माफ करो" म्हणतो. तसेच फोनातले दुसऱ्यांचे कागद पुसून निघायला काय हरकत आहे? आणि टूरवाल्यांनीही कागद ग्रुपवर न मागवता एकेकाकडून घ्यावेत, काम झाले की पुसावेत.

अम्मीच्या फोनातून ते बेचाळीस जणांचे फोटो पुसायला आम्हाला अर्धा तास लागला. ती शेजारी बसून एकेक नाव वाचत होती. यंदा गावातून कोणी हजला, उमराहला जाणार असेल तर एखाद्या जुम्याच्या नमाजनंतर फोन घेऊन आमच्याकडे या. सिमचा पिन मी लावून देतो, चहा अम्मी देईल. हमयानीही दाखवीन.