जुनेर : लावलेले ठिगळ आणि दिलेले वस्त्र

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात कौशांबीचा राजा उदयन आणि बुद्धशिष्य आनंद यांचा एक संवाद आहे. राणीवशातील स्त्रियांनी आनंदाला पाचशे उत्तरीये दान दिली. हा श्रमण आता कापडाचे दुकान थाटणार की काय, अशी शंका राजाला आली. त्याने जाऊन विचारले, एवढ्या वस्त्रांचे करणार काय? ज्यांची चीवरे विरली आहेत त्या भिक्षूंना वाटू, असे आनंद म्हणाला. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांच्या खोळी. खोळी जुन्या झाल्या की जमिनीवरच्या बैठका, बैठकांची पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झाडायची फडकी. आणि फडकीही विरली की ती कुटून, चिखलात कालवून जमीन सारवायची. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

मराठी घरात ही साखळी कोणी ग्रंथात लिहिली नाही, पण ती होती. लुगडे नेसून जुने झाले की त्याला ‘जुनेर’ म्हणत. लुगडे सगळीकडे सारखे विरत नाही. बसण्याच्या, काष्ट्याच्या भागात आधी विरते. तेवढा पट्टा कापून काढायचा आणि दोन्हीकडचे धड भाग जोडायचे, याला ‘दंड घालणे’ म्हणत. दोन जुनेरांचे धड भाग जोडूनही एक नेसते लुगडे होई. दंड घालण्याजोगेही उरले नाही, की त्यातून मुलींचे परकर-पोलके निघे, तान्ह्या बाळाचे दुपटे आणि लंगोट निघत. बाळंतिणीच्या घरी जुनेरच लागे, कारण वर्षानुवर्षे धुतलेल्या सुताइतके मऊ नवे कापड नसते. त्यानंतर गोधडी, गोधडीनंतर पोतेरे.

या कामामागे एक शास्त्र होते. फाटक्या जागी नव्या कोऱ्या कापडाचे ठिगळ लावीत नसत. कोरे कापड धुतल्यावर आटते आणि कडेचे विरलेले कापड ओढून आणखी फाडते. म्हणून ठिगळही जुन्याचेच. गोधडीत वरखाली दोन त्यातल्या त्यात धड लुगडी आणि मध्ये धोतरे, सदरे, चिंध्या यांचे थर. कडेने सुरुवात करून धावदोरा घालत मध्याकडे यायचे, म्हणजे आतले तुकडे सरकत नाहीत. थरांमध्ये हवा कोंडते आणि ऊब धरते. ‘गोधडी’ आणि ‘वाकळ’ हे दोन्ही शब्द मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात नोंदलेले आहेत. वस्तू मात्र त्याहून कितीतरी जुनी असणार.

इथवरचा इतिहास काटकसरीचा आहे आणि आज तो कौतुकाने सांगितला जातो. पण जुन्या कापडाला दुसरी बाजूही आहे. स्वतःच्या जुनेराला स्वतः दंड घालणे आणि दुसऱ्याचे उतरलेले वस्त्र अंगावर घ्यावे लागणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आनंदाने दान घेतले ते संघाच्या नियमाने आणि आपखुशीने. समाजात मात्र कोणी कोणाचे जुने नेसायचे, हे पुष्कळदा आधीच ठरलेले होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवक शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत, असे स्पष्ट विधान आहे. गावगाड्यात प्रेतावरचे कापड हा महारांचा ‘हक्क’ मानला जाई. हक्क या शब्दाने त्यातला अपमान झाकला जात होता.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हा प्रश्न दोनदा उघड्यावर आला. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची मोठी होळी झाली. देशात लोक उघडे असताना कापड जाळायचे कशाला, ते गरिबांना का देऊ नये, असा आक्षेप रवींद्रनाथ ठाकुरांनी घेतला. दीनबंधू अँड्र्यूज यांनाही ते रुचले नव्हते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘यंग इंडिया’त गांधीजींनी उत्तर दिले. उघड्या माणसाला काम हवे असताना त्याला कपडे देणे हा त्याचा अपमान आहे. त्याला उष्टे तुकडे आणि उतरलेले कपडे देण्याचा उपमर्द मी करणार नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. जाळण्याचे समर्थन पटो वा न पटो, जुने वस्त्र देण्यातही देणारा वर आणि घेणारा खाली राहतो, हे त्यांनी नेमके हेरले होते.

दुसरा प्रसंग महाडचा. डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले. आपल्या जातीची ओळख पटवणारी नेसण्याची पद्धत सोडा, लुगड्याला ठिगळे असली तरी चालतील, पण ते स्वच्छ असू द्या, असे त्यांनी सांगितले. उतरलेले कपडे द्यायला सांगणारा ग्रंथ आणि स्वतः लावलेल्या ठिगळाची लाज नको म्हणणारे भाषण, दोन्ही एकाच मांडवात समोरासमोर आले. ठिगळ गरिबीची खूण असेल, पण ते लावणाऱ्या हातावर मालकी दुसऱ्याची नसते.

संत गाडगेबाबांचा (१८७६-१९५६) वेशही या संदर्भात पाहावा. चिंध्या जोडून केलेले वस्त्र ते अंगावर घेत. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. लोकांकडून मिळालेल्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा बांधल्या, स्वतः मात्र चिंध्यांतच राहिले. इथे जुने कापड लादलेले नव्हते, निवडलेले होते.

दुसऱ्या महायुद्धात हेच काम सरकारी धोरण झाले. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने मिळाली. १९४३ मध्ये तिथल्या व्यापार खात्याने ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका काढली. त्या काळात तिथल्या गृहिणींना सांगितल्या जाणाऱ्या युक्त्यांपैकी एक अशी : मध्ये विरलेली चादर उभी कापावी, कडेचे धड भाग मध्यभागी आणून जोडावेत आणि विरलेले भाग कडेला न्यावेत. आपल्याकडच्या दंड घालण्याची ही सख्खी बहीण. त्याच वर्षीच्या जूनमध्ये हिंदुस्थान सरकारने कापड व सूत नियंत्रणाचा आदेश काढला. इथल्या बायकांना मात्र पुस्तिकेची गरज नव्हती. एरवी ज्याला कोणी काम म्हणून मोजत नव्हते, ते टंचाईत देशकार्य ठरले आणि टंचाई सरल्यावर पुन्हा घरकामात विरून गेले.

पुढे जुने कापड घराबाहेर पडले ते बोहारणीच्या बोचक्यातून. कपडे द्यायचे आणि स्टीलचे पातेले घ्यायचे, या सौद्यात जुनेराला पहिल्यांदाच उघड भाव आला आणि तो ठरवताना दोन बायका बरोबरीने घासाघीस करू लागल्या. दिल्लीतल्या वाघरी समाजाच्या अशाच व्यापाराचा अभ्यास लूसी नॉरिस यांनी २०१० च्या आपल्या पुस्तकात मांडला आहे. धड कपडे पुन्हा विकले जातात, रेशमी साड्यांच्या उशा-पिशव्या होऊन त्या परदेशी जातात आणि उरलेले यंत्रे पुसायच्या चिंध्यांत जाते. आनंदाचीच साखळी, फक्त तिच्या प्रत्येक कडीवर आता किंमत आहे. टेरिलीन आणि नायलॉन आल्यावर मात्र घरातली साखळी तुटली. ते कापड विरत नाही, घाम टिपत नाही. त्याचे ना दुपटे होते ना पोतेरे.

आज दुकानांत गोधड्या मिळतात, जुन्या साड्यांचे जाकीट आणि बटवे शिकवणारे वर्गही चालतात. त्यात वाईट काही नाही. कुठे कुठे मात्र नवे कोरे कापड मुद्दाम तुकडे करून ठिगळांसारखे जोडले जाते. कामाचा हेतू तिथे उलटा होतो, आणि शिवणारीचे नाव पूर्वीसारखेच कुठे नसते.

बंगालच्या कांथ्याचे भाग्य थोडे बरे. गुरुसदय दत्तांनी कांथे गोळा केले, स्टेला क्रामरिश यांनी १९३९ मध्ये त्यांवर लेख लिहिला. गोधडीच्या वाट्याला असे फारसे आले नाही, कारण ती शेवटी पोतेरे होऊन संपते. आपला पुरावा ती स्वतःच पुसून टाकते. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचे गाठोडे खाली येते आणि जुनी गोधडी सर्वांत आधी घराबाहेर जाते. ती द्यायला हरकत नाही. पण त्याआधी घरातल्या जाणत्या बाईला विचारून एवढे लिहून ठेवावे : ती कोणी शिवली, वरचे लुगडे कोणाचे, आतले सदरे कोणाचे, आणि त्यातले कापड घरचे किती, दुसऱ्याने दिलेले किती.