वगाला साहित्य म्हणेपर्यंत

 १८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची दुसरी सभा भरली. न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीराव फुल्यांना तिचं निमंत्रण धाडलं आणि जोतीरावांनी ते नाकारलं. त्यांचं उत्तर ११ जून १८८५च्या ‘ज्ञानोदया’त छापून आलं. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या हालअपेष्टांना जागा नाही त्यांच्या सभेशी आमचा मेळ बसायचा नाही, आमचा विचार आता आम्हालाच करावा लागेल, असा त्याचा मथितार्थ.

साहित्य कशाला म्हणावं, हा मराठीतला जुना वाद त्या पत्रामुळे चव्हाट्यावर आला. त्याचा पहिला चटका मात्र जोतीरावांना तीस वर्षं आधीच बसला होता. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. गरोदर कुणबिणीला आणि तिच्या नवऱ्याला जोशी कसा नाडतो, हा त्याचा विषय, आणि भाषा त्या माणसांच्या तोंडचीच. कमिटीने ते स्वीकारलं नाही. मराठीतलं हे आरंभीचं स्वतंत्र सामाजिक नाटक छापलं गेलं ते थेट १९७९ साली. सव्वाशे वर्षं ते हस्तलिखितातच राहिलं. तेवढा काळ ते साहित्य नव्हतं असं कोण म्हणेल?

छापखान्याची वाट बंद होती, पण गावोगावच्या तमाशाचा फड मोकळा होता. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाच्या माणसांनी नेमका तोच धरला. गण, गौळण, बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे तमाशातलं कथानाट्य, ही चौकट तीच ठेवली आणि आतला ऐवज बदलला. शेतकऱ्याची नाडवणूक, सावकारी, शिक्षणाची निकड हे विषय ढोलकीच्या तालावर आले. हे सत्यशोधकी जलसे. पुढे बाबासाहेबांच्या चळवळीत आंबेडकरी जलसे उभे राहिले. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी सभेला येऊ न शकणाऱ्या, अक्षर न ओळखणाऱ्या माणसांपर्यंत चळवळीचा विचार नेला. पुढे ज्याला लोकनाट्य म्हटलं गेलं त्याचं कूळ शोधायचं तर असं दोन पिढ्या मागे जावं लागतं.

हे कूळ मुंबईत रुजलं ते कष्टकऱ्यांच्या वस्तीत. अशीच एक वस्ती रे रोड स्टेशनच्या आसपासची. हार्बर लाइनची पहिली गाडी १२ डिसेंबर १९१० रोजी कुर्ल्याहून सुटली ती रे रोडपर्यंतच. स्टेशनच्या पूर्वेला लकडी बंदर, कौला बंदर, दारूखाना. पश्चिमेला घोडपदेव आणि भायखळा. उत्तरेला लालबाग-परळच्या गिरण्या. घाटावरून आणि कोकणातून आलेला माणूस इथे गोदीत ओझी उचलायचा, गिरणीत साचे चालवायचा, रात्री चाळीच्या पटांगणात भजन, शक्तीतुरा, तमाशा ऐकायचा. या श्रोत्याला पाठ असणारं वाङ्मय अफाट होतं. तुकोबांचा अभंग कुठे चुकला आणि ढोलकी कुठे घसरली हे त्याला तत्क्षणी कळायचं. त्याच्यापुढे उभं राहणं सोपं नव्हतं.

या श्रोत्यांतूनच अण्णा भाऊ साठे आले. जन्म १ ऑगस्ट १९२०, वाळवा तालुक्यातलं वाटेगाव. शाळा दीड दिवसाची म्हणतात तशी. आई-वडिलांबरोबर पायी मुंबई गाठली आणि मुक्काम पडला तो भायखळ्याच्या चांदबीबी चाळीत. मिळेल ती मोलमजुरी केली, गिरणीत काम केलं, दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत अक्षरओळख पक्की केली. १९४४ साली अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं.

अण्णा भाऊंनी वगात काय केलं ते जवळून पाहण्यासारखं आहे. परंपरेने तमाशा गणाने सुरू होतो, म्हणजे गणपतीच्या नमनाने. अण्णा भाऊंनी ते नमन मायभूमीला आणि श्रमणाऱ्या हातांना केलं. कृष्ण-पेंद्या आणि मावशीची गौळण त्यांनी गाळली. वगातला राजा-प्रधान गेला आणि त्याच्या जागी शेटजी, सावकार, पुढारी आला. सोंगाड्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. बावळट दिसणारा पण मर्मावर बोट ठेवणारा तो गडी त्यांनी कामगार किंवा शेतकरी केला, आणि आजवर राजाची फिरकी घेणारा आता मालकाचा हिशेब तपासू लागला. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’ ही सगळी याच घडणीची. पूर्वी वगाचं बरंचसं बोलणं नट उभ्या उभ्या रचत असत. अण्णा भाऊंनी ते लिहून काढलं, बांधेसूद केलं, पण बोलण्यातली उसळी जाऊ दिली नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. तेव्हा या मंडळींनी आपल्या खेळाला ‘लोकनाट्य’ म्हटलं आणि खेळ चालू ठेवले. अडचणीत घेतलेलं हे नाव पुढे अख्ख्या प्रकाराचंच नाव झालं. पु. ल. देशपांड्यांचं ‘पुढारी पाहिजे’ आणि १९६५ साली आलेलं वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ ही मध्यमवर्गाने डोक्यावर घेतलेली लोकनाट्यं. ज्या प्रकाराकडे शिष्टांनी पाठ फिरवली होती, त्याची तिकिटं आता नाट्यगृहात विकली जाऊ लागली.

पण प्रतिष्ठा मिळाली म्हणून वगाचं साहित्य झालं, असं मला वाटत नाही. असं लेखन साहित्य कशामुळे ठरतं, याचं उत्तर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊंनी लिहिलेल्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत आहे. ती सुरू होते पोटासाठी मुंबईला निघालेल्या गड्याच्या विरहापासून. मागे राहिलेल्या बायकोचं रूप, तिचं वागणं, निरोपाची तिची घालमेल तो एकेक करून आठवतो. मग मुंबई येते, तिची श्रीमंती आणि तिच्यातली उपासमार दोन्ही घेऊन. आणि शेवटाकडे जाता जाता ती मैना म्हणजे बेळगाव, कारवार, निपाणी होते, महाराष्ट्रापासून तुटलेला मुलूख होते. ही उडी घोषणेने मारली असती तर कुणाच्या लक्षातही राहिली नसती. बायकोची आठवण आधी इतकी खरी करून ठेवली आहे की ऐकणाऱ्याला सीमाप्रश्न नकाशावरचा वाटतच नाही. घरातलं माणूस दुरावल्यासारखा तो जिवाला लागतो. गिरणगावात प्रत्येक खोलीत असा एखादा तरी गडी होता ज्याची मैना गावावर होती. १ मे १९६० रोजी राज्य झालं, तो लढा इतिहासात जमा झाला, गिरण्यांचे भोंगेही थांबले. छक्कड मात्र आजही म्हटली जाते, आणि बेळगाव कुठे आहे हे ज्याला सांगता येणार नाही त्यालाही ती कळते.

माझी कसोटी हीच आहे. लिहिण्याचं निमित्त सरल्यावरही जो मजकूर माणसाला हवासा वाटतो, ते साहित्य. निमित्त मोर्चाचं असो, प्रचाराचं असो की संपाचं. त्याने काही कमीपणा येत नाही. मोर्चासाठी शेकडो गाणी लिहिली गेली आणि मोर्चाबरोबर विरली. उरली ती ज्यांत बघणं नेमकं होतं, शब्द वापरातला होता आणि रचना घट्ट होती. कष्टकऱ्याचं लेखन आहे म्हणून त्याला सवलतीचे गुण द्यायची गरज नाही, आणि ते कष्टकऱ्याचं आहे म्हणून त्याला दाराबाहेर उभं करण्याचा अधिकारही कुणाला नाही.

२ मार्च १९५८ रोजी दादरला पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक अण्णा भाऊ होते. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलितांच्या आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे, असं त्यांनी तिथे सांगितलं. जोतीरावांच्या पत्रानंतर त्र्याहत्तर वर्षांनी त्या पत्राला अशी स्वतःची सभा मिळाली. पुढच्याच वर्षी अण्णा भाऊंची ‘फकिरा’ ही कादंबरी आली, १९६२ साली गिरणगावात वाढलेल्या नारायण सुर्व्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा कवितासंग्रह, आणि १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’. सुर्व्यांची आणि ढसाळांची ही मुंबई रे रोडपासून चालत जाण्याच्या टप्प्यातली.

या घराण्याचं काम अजून अपुरं आहे. जलशांची कितीतरी पदं आणि कलापथकांचे वग कधी छापलेच गेले नाहीत. ज्यांना ते तोंडपाठ होते ती पिढी आता सरत आली आहे. कुणाच्या आजोबांच्या वहीत, कुणाच्या ट्रंकेत ते असतील. ती वही उघडून, पाठ तपासून, चालीची नोंद ठेवून ती छापणं हे विद्यापीठांचं आणि ग्रंथालयांचं काम आहे, आणि ज्यांच्या घरी ती वही आहे त्यांचंही. ‘तृतीय रत्न’ सव्वाशे वर्षं थांबलं. या वह्यांना तेवढी सवड नाही.